टकटकीला दिवस गेले

शेरलॉक होम्स हा काही पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणारा माणूस नव्हता. तरीही 1883 च्या एप्रिलमध्ये एके दिवशी, घड्याळात जेमतेम सव्वासात झालेले असताना, तो अंगावर सगळा पोशाख चढवून डॉ. वॉटसनच्या पलंगाशी उभा राहिला आणि झोपमोड केल्याबद्दल माफी मागू लागला. झालं होतं असं, की एक घाबरलेली तरुणी भल्या सकाळी बेकर स्ट्रीटच्या दारात येऊन थडकली होती. तिने घरमालकीण हडसनबाईंची झोप मोडली, बाईंनी त्याचं उट्टं होम्सवर काढलं आणि होम्सने वॉटसनवर. चाळीत राहिलेल्या माणसाला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही.

कॉनन डॉयलची ही कथा 1892 साली छापून आली, तेव्हा या उठवाउठवीसाठी त्याने जे क्रियापद वापरलं ते होतं 'नॉक अप'. दारावर टकटक करून झोपलेल्याला जागं करणं, एवढाच त्याचा अर्थ. लंडनच्या वाचकाला त्यात वावगं काही दिसलं नाही. आज तेच पान अमेरिकेतल्या एखाद्या वर्गात वाचलं गेलं आणि मागच्या बाकांवरून खिदळणं ऐकू आलं, तर मुलांना बोल लावता येणार नाही. त्यांच्याकडे 'नॉक अप' करणं म्हणजे बाईला गरोदर करणं. तेही बहुधा दोघांच्याही ध्यानीमनी नसताना. म्हणजे त्यांच्या हिशेबाने सकाळी सव्वासातपर्यंत एक घरमालकीण, एक ब्रह्मचारी गुप्तहेर आणि अफगाण युद्धात गोळी खाऊन आलेला एक लष्करी डॉक्टर, अशा तिघांची वाट लागलेली आहे आणि अजून कुणाचा चहासुद्धा झालेला नाही. (याच कथेतला खलनायक भारतातून आणलेला एक साप पाळतो. हा साप बशीतलं दूध पितो, शिटी ऐकून घरी परततो आणि घंटेच्या दोरीवरून खाली उतरून माणसाला चावतो. सर्पमित्रांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं. हसू मात्र लोकांना क्रियापदाचं येतं.)

इंग्रजीत अशी जोडक्रियापदं ढिगाने आहेत. शाळेत पहिल्या वर्षी शिकवलेलं एखादं गरीब क्रियापद घ्यायचं आणि त्याच्यामागे अप, डाऊन, ऑफ, आऊट यांतलं एखादं सोडून द्यायचं. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. पण गिव्ह अप म्हणजे वर देणे नव्हे, नाद सोडणे. पुट म्हणजे ठेवणे. पण पुट अप विथ म्हणजे निमूटपणे सहन करणे. हे दुसरं क्रियापद इंग्रजी शिकणारा प्रत्येक मराठी मुलगा आधी जगून घेतो आणि मग पाठ करतो.

सॅम्युअल जॉन्सनला या दुखण्याची कल्पना होती. 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने कबूलच करून टाकलंय, की परक्या माणसाची सगळ्यांत जास्त दमछाक इथे होते, म्हणून ही जोडपी मी जपून टिपून ठेवली आहेत. आज रूढ असलेलं 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र फार उशिराचं. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने ते 1925 साली 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात वापरलं आणि ते आपलं नसून ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेलं आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिलं. लेकराला नातवंडं झाली आणि मग त्याचं बारसं केलं, त्यातला हा प्रकार.

आपण फार हसू नये. संस्कृतात 'हृ' हा एक बापडा धातू आहे. त्याला उपसर्ग लावत गेलं की आहार होतो, विहार होतो, उपहार होतो, आणि जरा हात सैल सुटला की प्रहार आणि संहारसुद्धा होतो. वैदिक भाषेत तर हे उपसर्ग धातूचा हात सोडून वाक्यात वाटेल तिथे फिरत असत. पुढे संस्कृताने त्यांना धातूच्या आधी घट्ट बांधून टाकलं. इंग्रजीचा प्रवास नेमका उलटा. जुन्या इंग्रजीत असली पुष्कळशी अव्ययं क्रियापदाच्या आधी चिकटून बसायची. मधल्या काही शतकांत ती सुटली, क्रियापदाच्या मागे गेली आणि मोकाट झाली. आपण दाव्याला बांधलं, त्यांनी दावं सोडलं.

त्या मोकाटांत 'अप' सगळ्यांत अगोचर. पेला 'ड्रिंक अप' केला की दारू खाली जाते आणि शब्द तेवढा वर राहतो. आपल्याकडे तो नामांच्या गाठोड्यातून आला आणि कुणी हटकायच्या आत घरचा झाला. चेकअप, मेकअप, लॉकअप, बॅकअप, ब्रेकअप, पॅचअप. चढावर स्कूटर पिकअप घेत नाही म्हणून मेकॅनिककडे न्यायची आणि काम लवकर व्हावं म्हणून फॉलोअप ठेवायचा. एवढ्याने भागलं नाही म्हणून आपण पदरचेही अप घालतो. इंग्रजाकडे 'कोप' हे नुसतं क्रियापद आहे. परिस्थितीला तोंड देणे. आपण 'कोप अप' म्हणतो. 'आय कान्ट कोप अप' असं म्हणणारा आपला ऑफिसातला माणूस इंग्रजापेक्षा एका शब्दाने जास्त दमलेला असतो.

असो. 'नॉक अप'चं मूळ घर म्हणजे दार. 1660 च्या दशकापासून तो या अर्थाने सापडतो: रात्री-अपरात्री दार ठोठावायचं, आतल्याला उठवायचं. वैद्याला, सुइणीला, सरायवाल्याला. तेव्हा हे प्रसंगानुरूप चालायचं. पुढे गिरण्या आल्या आणि टकटकीचा रीतसर धंदा झाला.

लँकेशरमधल्या कापडगिरण्यांत पहाटे हजेरी. उशीर झाला तर फाटक बंद आणि मजुरी बुडाली. गजराचं घड्याळ तोवर निघालं होतं. हव्या त्या वेळेला लावता येणाऱ्या गजराचं पेटंट फ्रान्समध्ये अँतोआन रेदिए याने 1847 साली घेतलं. पण ते गिरणीकामगाराच्या खिशाला परवडणारं नव्हतं आणि परवडलं तरी भरवशाचं नव्हतं. म्हणून 'नॉकर-अप' नावाची जमात निघाली. आठवड्याला काही पेन्स घ्यायचे आणि ठरल्या वेळी गिऱ्हाइकाला उठवायचं. सुरुवातीला ही मंडळी दारच वाजवायची. त्यात दोन पंचायती झाल्या. ज्यांनी उठवायला सांगितलं नव्हतं असे शेजारी जागे होऊन शिव्या घालायचे. दुसरी पंचायत धंद्याच्या मुळावर येणारी होती: ज्यांना त्याच वेळी उठायचं होतं असे शेजारी पैसे न देता जागे व्हायचे. एकाने वर्गणी भरायची आणि अख्ख्या आळीने उठायचं, हे तत्त्व आपल्याला ओळखीचं आहे. आपण त्याला शेजारधर्म म्हणतो. इंग्रजाने त्यावर उपाय काढला. मासे धरायच्या गळासारखी लांबलचक काठी घ्यायची, तिच्या टोकाला तारा बांधायच्या आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचेवर फक्त खरखर करायची. पैसे भरणारा उठतो, न भरणारा घोरत राहतो.

लंडनच्या ईस्ट एंडमधल्या मेरी स्मिथ नावाच्या बाईंना काठीचं ओझं नको होतं. त्या रबरी नळीतून वाळके वाटाणे फुंकून खिडकीवर मारत. आठवड्याला सहा पेन्स. त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे: बाई रस्त्यावर उभ्या, अंगावर जाड कोट, मान वर, तोंडात नळी आणि गाल फुगलेले. लग्नात सनईवाल्याचे गाल फुगतात, पण त्याच्या चेहऱ्यावर बिदागीची चिंता असते. या बाईंच्या चेहऱ्यावर नेमबाजाची एकाग्रता आहे. वाटाणा खिडकी चुकून शेजाऱ्याच्या काचेवर बसला तर त्या दिवशीची सहा पेन्समधली वाटणी कशी व्हायची, हा माझ्या मते अर्थशास्त्राच्या परीक्षेत विचारण्याजोगा प्रश्न आहे.

उत्तरेकडे डरहॅमच्या खाणगावांत आणखी शिस्त. कामगारांच्या घरांच्या बाहेरच्या भिंतीत पाटीचा एकेक तुकडा बसवलेला असे. खाणकामगाराने झोपण्यापूर्वी त्यावर आपल्या पाळीची वेळ खडूने लिहायची. कंपनीचा माणूस येऊन पाटी वाचणार आणि त्याप्रमाणे उठवणार. हे वाचल्यावर पहिला विचार हाच येतो, की ती पाटी आपल्याकडच्या कुठल्याही आळीत असती तर रात्री अकरानंतर टवाळ पोरांनी घरोघरच्या वेळा पुसून काय काय लिहिलं असतं.

पोलीससुद्धा गस्त घालता घालता चार पैशांसाठी हे काम करत. त्याचा एक विचित्र दाखला लंडनच्या इतिहासात कायमचा अडकून बसला आहे. 31 ऑगस्ट 1888 च्या पहाटे कामावर निघालेल्या दोन माणसांना व्हाइटचॅपलमध्ये रस्त्यावर पडलेली एक बाई दिसली. मेरी अ‍ॅन निकोल्स. पुढे जॅक द रिपर म्हणून ज्याचा बोभाटा झाला त्याच्या खुनांच्या यादीत हिचं नाव पहिलं धरतात. त्या दोघांनी जवळच्या कोपऱ्यावर मायझन नावाच्या शिपायाला गाठून सांगितलं. शिपाई तेव्हा लोकांना उठवत होता. पुढे चौकशीत ज्यूरीतल्या एकाने विचारलं, खबर मिळाल्यावरही तू लोकांना उठवतच राहिलास का? शिपायाने सांगितलं, छे, हातात घेतलेला तेवढा एक माणूस उठवून झाला आणि मी निघालो. सरकारी नोकराने दिलेलं इतकं सरकारी उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही.

आणि या उठवणाऱ्यांना कोण उठवायचं? हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडला होता. त्यावर जीभ अडखळवणारं एक बोबडगाणंच आहे. बरेचसे जण रात्रभर जागून सगळ्यांना उठवायचे आणि मग दिवसा झोपायचे. 1940-50 पर्यंत हा धंदा आटोपला. उत्तरेच्या काही कोपऱ्यांत 1970 च्या आरंभापर्यंत कुणी कुणी काठी सांभाळून होते.

आपल्याकडे गिरण्या आल्या त्या त्याच मुलुखातून. कावसजी नानाभाई दावरांनी 1854 साली ताडदेवला गिरणी काढायचं मनावर घेतलं आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांत लँकेशरची यंत्रं येत राहिली. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव कोरलेली यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या चालली. यंत्रांबरोबर नॉकर-अप मात्र जहाजावर चढला नाही. आपल्याकडे भोंगा आला. लालबाग-परळात भोंगा झाला की ज्यांची पाळी तेही उठायचे, ज्यांची नाही तेही उठायचे, तान्ही पोरं उठायची आणि रात्रपाळी करून आत्ताच आडवा झालेला गडी कूस बदलून भोंग्याच्या मातोश्रींचा उद्धार करायचा. काचेवर हलकेच तार खरवडण्याची चैन दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं झोपलेली असताना परवडणारी नव्हती. गावाकडे वासुदेव होता. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या. पण तो दान मागायला यायचा, उठवणं ओघाने व्हायचं. 'वासुदेव उशिरा आला' ही सबब मुकादमाने चालवून घेतल्याचं ऐकिवात नाही.

आता गंमत अशी, की दारावरची ही टकटक चालू असतानाच 'नॉक अप'चा दुसरा संसार वेगळ्या गल्लीत मांडलेला होता. नॉक्ड अप म्हणजे दमून गळाठा झालेला. जेन ऑस्टेनच्या 1814 सालच्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये नॉरिस मावशी आहेत. स्वतःचा पैसा वाचवणं आणि दुसऱ्याच्या पोरीला राबवणं, हे त्यांचे दोन छंद. उन्हात गुलाब तोडून तोडून बिचाऱ्या फॅनीचं डोकं दुखतंय आणि मावशींचं म्हणणं, व्यायाम नियमित केला असता तर ती इतक्यात नॉक्ड अप झाली नसती. आजच्या अमेरिकन वाचकाला हा कुटुंबनियोजनाचा एक अभिनव उपाय वाटण्याची शक्यता आहे.

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये तर चर्चमधले वॉप्सल नावाचे जाड्या आवाजाचे गृहस्थ नॉक्ड अप होतात आणि भयंकर चिडतात. पळालेले कैदी शोधायला निघालेल्या शिपायांमागे हौसेने रात्री दलदलीत गेलेले. परतताना पाय गळून गेले. हे वाक्य काही लोक नॉकर-अपच्या धंद्याचा पुरावा म्हणून पुढे करतात, जणू वॉप्सलसाहेबांना कुणी झोपेतून उठवलं. त्यांनी आधीची चार पानं वाचली असती तर चिखल दिसला असता. संदर्भ न वाचता अर्थ लावणं हा आपल्याच लोकांचा गुण आहे असं मला उगाच वाटत होतं.

हाच दमलेला अर्थ जहाजात बसून ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथे उन्हात चांगला रापला. तिथल्या सफरींच्या रोजनिशीत घोडे, उंट, माणसं सारखे नॉक अप होत असतात. बर्क आणि विल्स यांची मोहीम 1861 साली खंडाच्या उत्तर टोकाकडून परत फिरली. एप्रिलमध्ये बर्कचा घोडा बिली उपासमारीने इतका नॉक्ड अप झाला, की वाळवंटाच्या पलीकडे तो पोचेल ही आशा उरली नाही. त्यांनी त्याला मारलं आणि मांस वाळवून बरोबर घेतलं. रोजनिशीत हे हिशेबाच्या वहीसारखं कोरडं लिहिलेलं आहे. पुढे ते दोघेही परतले नाहीत.

तिसरा अर्थ हातकामाचा. फळ्या आणून तासाभरात कपाट 'नॉक अप' करायचं, पाहुणे आले की घरात असेल त्यातून जेवण 'नॉक अप' करायचं. घाईत उभं केलेलं, चालून जाईल असं. क्रिकेटमध्ये भराभर धावा नॉक अप करतात. छापखान्यातही तो आहे: कागदांचा विस्कटलेला गठ्ठा कडेवर आपटून सारखा करणे. झेरॉक्सवाल्याकडे हे रोज बघायला मिळतं. यंत्रातून आलेले कोमट कागद तो दोन्ही हातांत सैल धरतो, काउंटरवर आधी आखूड बाजूने दोनदा आपटतो, गठ्ठा फिरवून लांब बाजूने दोनदा, मधे बोटांनी जरा हवा खेळवतो, पुन्हा एकदा टक्‌, आणि मग अंगठ्याने कड चाचपून स्टेपलर मारतो. हे सगळं तो आपल्याकडे न बघता, पुढच्या गिऱ्हाइकाशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत करतो. या कृतीला इंग्रजीत रीतसर क्रियापद आहे आणि तेच क्रियापद पलीकडच्या देशात चारचौघांत उच्चारता येत नाही, हे त्याच्या गावीही नसतं.

इथे मराठी माणसाची छाती जरा फुगायला हरकत नाही, कारण ठोकाठोकीत आपला हात कुणी धरणार नाही. आपण शतक ठोकतो, षटकार ठोकतो, तंबू ठोकतो, टाळं ठोकतो. कोर्टात दावा ठोकतो, आखाड्यात शड्डू ठोकतो, साहेबाला सलाम ठोकतो आणि सभेत भाषण ठोकतो. भाषणात जे सांगायचं त्याची खात्री नसेल तर ठोकून देतो. लोक मारायला उठले की धूम ठोकतो. नोकरीला कंटाळलो की रामराम ठोकतो. यात हातोडी एकदाच, तंबूच्या खुंटीपाशी. तेही आपण हातात घेतली तर.

आता त्या चौथ्या अर्थाकडे वळायला हवं, इतका वेळ ज्याला दाराबाहेर ताटकळत ठेवलंय. नुसत्या 'नॉक'ला अश्लील छटा जुनीच होती. थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या खुशालचेंडू, गोलमटोल लष्करी गृहस्थाने 1785 साली लंडनच्या हलक्यासलक्या बोलीचा कोश छापला, त्यात तो अर्थ आडपडदा न ठेवता दिलेला आहे, आणि त्याच्याच खाली काम संपवणे या अर्थाचं निरागस 'नॉक ऑफ' लोहाराच्या भात्याशी नेऊन सोडलं आहे. त्या नॉकला मागून अप येऊन चिकटलं आणि 1813 च्या सुमारास अमेरिकेत 'गरोदर करणे' उभं राहिलं. 1836 साली डेव्ही क्रॉकेटच्या नावावर निघालेल्या एका पुस्तकात या क्रियापदावर कोटी आहे: गुलाम बायकांचा लिलाव होतो तेव्हा हातोडी पडून त्या 'नॉक डाऊन' होतात, आणि नंतर विकत घेणाऱ्याकडून 'नॉक अप'. कोटी म्हणून ती चोख बसते. त्या बाजारात उभ्या असलेल्या बाईच्या जागी उभं राहून वाचली की हसू घशात अडकतं. क्रियापदाला एक करणारा लागतो आणि एक जिला ते होतं ती लागते. या क्रियापदाने हे नातं इतक्या उघडपणे सांगितलं, की पुढे कितीही थट्टेवारी न्यायची म्हटली तरी त्याचा उग्र वास गेला नाही.

आणि आपली मराठी बघा. आपण काय म्हणतो? 'तिला दिवस गेले.' कुणी काही केलं नाही. कर्ता शोधायला जावं तर वाक्यात फक्त दिनदर्शिका सापडते. दिवसच ते, आपापले निघाले आणि तिला गेले. व्याकरणाने इतक्या सफाईने कुठल्याच पुरुषाची सुटका केलेली नाही. इंग्रजी क्रियापदात निदान आरोपी तरी हजर असतो. आपल्या वाक्यात तो तारखेलाच येत नाही.

बरं, या दिवसांशी विभक्तीने जरा चेष्टा केली की पंचाईत. तिला दिवस गेले म्हणजे गोड बातमी. तिचे दिवस गेले म्हणजे तिचा काळ सरला. तिचे दिवस भरले म्हणजे सुईण बोलवा, आणि तुझे दिवस भरले म्हणजे पोलीस बोलवा. दिवस काढले म्हणजे हाल सोसले, दिवस फिरले म्हणजे नशीब उलटलं, आणि दिवस घातले म्हणजे मनुष्य गेला, दहावं-तेरावं उरकलं. जन्मापासून तेराव्यापर्यंतचा अख्खा संसार आपण एका दिवसावर भागवतो. मोल्सवर्थसाहेबाने 1831 साली मराठी-इंग्रजी कोश पुरा केला. हा शब्द हाताशी आला त्या संध्याकाळी तो साहेब ऑस्टेनच्या अर्थाने नक्कीच नॉक अप झाला असणार.

शब्दाला एकदा भलती संगत लागली की त्याचे सज्जन अर्थ हळूच काढता पाय घेतात. आपल्याकडचं 'ठेवणे' बघा. 'आम्ही स्वयंपाकाला बाई ठेवली' हे वाक्य कुणीही बिनदिक्कत बोलतं, पण त्यातलं 'स्वयंपाकाला' गाळून दाखवा. 'शेजारच्या काकांनी बाई ठेवली' एवढंच म्हणून कुणी घोट घ्यायला थांबलं, तर त्या एका घोटात अख्खी सोसायटी खिडकीत येते. म्हणून कुणी न शिकवताही आपण सगळे आधी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला, बाळाला असं काहीतरी ठेवून मग बाई ठेवतो.

इंग्रजांना ही खबरदारी घ्यायचं कारण बराच काळ पडलं नाही, कारण तो अर्थ समुद्रापलीकडे राहत होता. मग दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून, तो गणवेश घालून त्यांच्या बंदरांत उतरायला लागला. अमेरिकन युद्ध खात्याने ब्रिटनला निघालेल्या आपल्या शिपायांना वागण्या-बोलण्याची एक पुस्तिका दिली होती. बायकांसमोर 'ब्लडी' म्हणू नका, आणि अवतार गबाळा झालाय हे सांगायला 'मी बम दिसतो' असं म्हणू नका, कारण तिकडे त्याचा अर्थ ढुंगण, असल्या पितृतुल्य सूचना त्यात आहेत. पुढे दोन्ही देशांतल्या फरकांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो हॉटेलातला विनोद सांगितला: इंग्रज यजमान अमेरिकन पाहुणीला नम्रपणे विचारतो, सकाळी किती वाजता नॉक अप करू? हा विनोद इतका घासून गुळगुळीत झालाय, की हॉटेलांनी खोल्यांत टेलिफोन त्याच्यामुळेच बसवले असावेत.

शेवटचा घाव 2007 साली पडला. जड अ‍ॅपटाऊ या दिग्दर्शकाचा 'नॉक्ड अप' नावाचा सिनेमा आला. एका रात्रीची ओळख आणि पुढचे नऊ महिने, अशी गोष्ट. सिनेमा चालला, पोस्टर लंडनमध्येही लागली. ज्यांच्या आज्याने काचेवर तारा खरवडून पोट भरलं, त्यांच्या नातवंडांना आता या शब्दाचा पहिला अर्थ विचारला तर ती पोस्टरवरचा सांगतील. उठवायचं काम फोनकडे गेलं, दमायला दुसरे शब्द सापडले, कपाटं खोक्यातून सुटी येऊ लागली.

टेनिस मात्र हटलेलं नाही. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही खेळाडू हात मोकळे करायला पाचेक मिनिटं चेंडू इकडून तिकडे टोलवतात. बाकीचं जग त्याला वॉर्म-अप म्हणतं, जुना इंग्रज नॉक-अप म्हणतो. विंबल्डनचं सेंटर कोर्ट, नखशिखांत पांढरे कपडे, प्रेक्षकांत स्ट्रॉबेरी आणि साय, रॉयल बॉक्समध्ये कडक इस्त्रीची माणसं. आणि समालोचक देवळात बोलावं तशा आवाजात सांगतो, की दोन्ही मुलींचा नॉक-अप आता उरकत आलेला आहे आणि दोघीही अगदी प्रसन्न दिसताहेत. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे साडेआठ झालेले असतात. कुणीतरी हातातला कॉफीचा कप खाली ठेवतं आणि बायकोला ओरडून सांगतं, अगं, लवकर ये, टेनिसमध्ये काहीतरी झालंय.